पास झालेला नग

मालातल्या एकेका वस्तूला नग म्हणतात, आणि माणूस जरा चाकोरीबाहेरचा निघाला की त्यालाही नगच म्हणतात. माझ्या मुलुंडच्या घरमालकांनी नोकरीभर पहिल्या प्रकारचे नग तपासले आणि निवृत्त होईतो स्वतः दुसऱ्या प्रकारात जमा झाले. औषधाच्या गोळ्यांच्या कारखान्यात ते क्वालिटीला होते. चेपलेली गोळी, तिरकं लेबल, अर्धवट सील, काहीही दिसलं की ‘रिजेक्ट’ म्हणायचं, हे त्यांचं काम. पुढे कारखाना सुटला, शब्द काही सुटला नाही. भाजीवाल्याची भेंडी रिजेक्ट, वॉचमनची शिट्टी रिजेक्ट, सोसायटीची तर अख्खी कमिटीच रिजेक्ट. फ्लॅटमधली एक खोली मला भाड्याने द्यायची म्हणून त्यांनी मला पुन्हा पुन्हा चहाला बोलावलं, मी कप कसा धरते तेसुद्धा बघितलं, आणि शेवटी आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाले, "बाय, हो नग पास करूक हरकत नाय."

आत होती ती बाय म्हणजे त्यांची थोरली बहीण. ते साठीचे, ती पंचाहत्तरीच्या पुढची. त्यांना मी काका म्हणायची आणि तिला आजी. सख्ख्या भावंडांमध्ये एक पिढी घुसवणारी मी पहिलीच, असं आजी सगळ्यांना कौतुकाने सांगायची. आई लवकर गेली, वडील गिरणीत पाळीला, म्हणून लालबागच्या चाळीत काकांना आजीनेच वाढवलं होतं. काकांनी लग्न केलं नाही. मुली बघायला जात असत म्हणे, पण निकाल काय लागत असेल ते मी विचारलं नाही. आजी विधवा झाल्यावर भावाकडे आली, आणि मी राहायला जायच्या वर्षभर आधी तिची डावी बाजू अर्धांगाने गेली. जीभ मात्र दोन्ही बाजूंनी शाबूत होती.

पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीघरात आणि परत, अशी आजीची ने-आण काका दिवसभर करायचे. या कामाला त्या घरात ‘उचलणं’ म्हणायची सोय नव्हती. भांडी घासायला येणाऱ्या बाईंनी एकदा भाबडेपणाने "आजींना उचलू का?" विचारलं, तर आजी तडकली. "मेल्यार उचलतत. मी अजून आसंय." तेव्हापासून काका तिच्यासमोर उभे राहून "निघूया?" असं विचारायचे. खुर्ची पलंगापासून हातभर अंतरावर, पण विचारायचा सूर असा की दोघं गणपतीला गावी निघालीत. आजीही पदर सारखा करून "चल" म्हणायची.

एका संध्याकाळी मी ऑफिसातून आले तर बेल वाजवूनही दार उघडेना. माझ्याकडच्या किल्लीने उघडून आत गेले. काका हॉलमध्ये फरशीवर उताणे, पाय स्टुलावर. आजी शेजारी खुर्चीत. दुपारी आजीला पलंगावर न्यायला म्हणून काका वाकले आणि कमरेत अशी उसण भरली की ते होते तिथेच खाली बसले, मग आडवे झाले. फोन फ्रिजवर. दुपारपासून दोघं गावांच्या नावांच्या भेंड्या खेळत बसली होती. काकांवर ‘ळ’ आला होता आणि आजी सवलत द्यायला तयार नव्हती. शेजाऱ्यांना हाक का नाही मारली, असं मी चिडून विचारलं. काका छताकडे बघत म्हणाले, "हाक मारली असती तर बातमी दहिसरला पोचली असती."

दहिसरला आजीची मुलगी राहायची, काकांची भाची. बातमी पोचायची ती पोचलीच, कारण डॉक्टर आणायला मला शेजाऱ्यांचं दार वाजवावं लागलं. दुसऱ्या दिवशी ती रजा टाकून आली. वाईट नव्हती हो ती. दर रविवारी आईसाठी डबा घेऊन यायची, डायपरपासून मलमापर्यंत सगळं तीच बघायची. पण तिचं घर म्हणजे दोन मुलं, सासू-सासरे आणि एक खोली. ती काकांपुढे बसली आणि सरळ बोलली.

"मामा, उद्या तू तिच्या अंगावर पडलास तर? मी दहिसरवरून येईपर्यंत काय होईल तुमचं? पनवेलला आजारी म्हाताऱ्यांचं एक केंद्र बघून ठेवलंय मी, चांगलं आहे. दिवाळीपर्यंत थांबते. तोपर्यंत तुझी कंबर अशीच राहिली तर आईला तिथे ठेवणार. मग माझ्यावर रागवायचं नाही हां."

त्या रात्रीच्या जेवणात माझी पोळी करपली होती, तीसुद्धा त्यांनी मुकाट्याने खाल्ली. मला तेव्हा पहिल्यांदा त्यांची काळजी वाटली.

कमरेला जरा आराम पडल्यावर डॉक्टरांनी फिजिओथेरपिस्ट बाई पाठवल्या. त्यांनी कापडी पट्टा आणला होता, त्याला दोन बाजूंनी मुठी शिवलेल्या. हा पट्टा आजींच्या कमरेला बांधायचा आणि मुठी धरून त्यांना उभं करायचं, म्हणजे काकांच्या कमरेवर ताण कमी. आजीने पट्टा एका बोटाने बाजूला सारला. "दावा म्हशीक बांदतत," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड केलं. बाईंनी समजावलं, मी समजावलं, काकांनी तर हात जोडले. म्हैस काही हलली नाही.

काकांचा चेहरा एकदम उजळला. "ठीक आहे. मग पट्टा मी बांधतो." बाई म्हणाल्या, अहो, पट्टा पेशंटसाठी असतो. काका म्हणाले, दोघांपैकी एकाच्या कमरेला असल्याशी मतलब. बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं. काकांच्या हिशेबी मुद्दा निकालात निघाला होता, आणि पुढचं सगळं रामायण या एका चुकीतून घडलं.

कारण कमरेला बांधायचा एक पट्टा माझ्याकडेही होता. स्टेशनजवळच्या जिममध्ये मी वजनं उचलायला जायची आणि माझ्या पिशवीत चामड्याचा रुंद पट्टा असायचा. "नग बघू," म्हणून काकांनी तो काढून घेतला. उजेडात धरला, वास घेतला, टाके मोजले. मी सांगितलं की काका, पट्टा कंबर धरत नाही. आपण श्वास घेऊन पोट फुगवायचं आणि पोटाने पट्ट्याला आतून रेटायचं, मग मधला भाग सगळीकडून घट्ट होतो आणि पाठीला आधार मिळतो. आधी वाकायचं कसं ते शिका, पट्टा नंतर. काका मन लावून ऐकत होते. शेवटी मी म्हटलं, "थोडक्यात काय, आधी पोट भरायचं, मग उचलायचं."

दुसऱ्या दिवशी काका माझ्याबरोबर जिमला आले. रिकामा बार घेऊन दोनदा वाकले आणि तोंडावर रुमाल धरून बाजूला गेले. चौकशी केल्यावर कळलं की निघण्यापूर्वी त्यांनी उकड्या तांदळाची पेज आणि बांगड्याचं तिखलं पोटभर हाणलं होतं. "तूच म्हणालीस ना," ते घाम पुसत म्हणाले, "पोट भर म्हणून." त्यानंतर आम्ही ‘भर’ऐवजी ‘फुगव’ म्हणायला लागलो. पण माणूस चिकाटीचा. आठवडाभरात त्यांनी गुडघ्यात वाकून कंबर सरळ ठेवायला शिकून घेतलं. जिममधली पोरं आरशात दंड बघत असायची, आणि त्यांच्यामध्ये फुलपँट खोचलेले काका उभे राहून प्रत्येकाची पद्धत तपासायचे. ट्रेनरलाही त्यांनी एकदा रिजेक्ट केलं. तो हसून म्हणाला, "अंकल, तुम्ही येत जा यार, मजा येते."

मग पट्टे यायला लागले. पहिला मालाडच्या दुकानातून, कापडी, वेलक्रोचा. दिसायला झकास. काकांनी तो बांधला, पोट फुगवलं, आजीला मिठीत घेऊन "निघूया?" म्हणाले आणि अर्ध्या वाटेत त्या पोटापुढे वेलक्रो चर्रकन सुटला. काका दचकले, आजी धपकन परत पलंगावर बसली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. तिला वाटलं भावाची पँट फाटली. रिजेक्ट.

दुसरा ऑनलाइन मागवला, चामड्याचा, मागून रुंद आणि पुढे निमुळता. तो पहिल्या भोकापर्यंतही पोचेना. कंपनीने माप चुकवलं म्हणून काका तक्रार करायला बसले. मी टेप आणून बेंबीवरून माप घेतलं तेव्हा खरी भानगड कळली. काकांनी पँटचं माप दिलं होतं, आणि पँट ते पोटाच्या खाली बांधायचे. "माझी कंबर चौतीसच आहे," ते म्हणाले. मी म्हटलं चौतीस पँटची, पोटाचा मामला वेगळा. नाहीतरी तो पट्टा चालणार नव्हताच. पुढच्या बाजूला अरुंद असल्यावर पोट रेटणार कशाला? हे पटल्यावर काकांनी पट्टा परत करताना कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘हा पट्टा पाठीची समजूत काढतो, पोटाला विचारतच नाही.’ तिथल्या माणसाने ते वाचून काय केलं असेल देव जाणे.

तिसरा पट्टा सर्वांगसुंदर. सगळीकडून सारखा रुंद, जाड चामडं, पितळी बक्कल. नवा होता तेव्हा लाकडासारखा ताठ. मी सांगितलं की गुंडाळून, उलगडून मऊ करा, तर काका रोज संध्याकाळी त्याला खोबरेल लावून मांडीवर चोळत बसायचे. अख्ख्या घराला खोबरेलाचा वास. तो पट्टा बांधून मात्र कंबर खरंच धरली. पहिल्या दिवशी आजीला खुर्चीत बसवून काका ताठ उभे राहिले आणि माझ्याकडे विजयी नजरेने बघून म्हणाले, "पास."

त्यानंतर चार-पाच दिवसांनी आजीचे हात पुसताना मला तिच्या डाव्या दंडावर आतल्या बाजूला काळानिळा डाग दिसला. त्याच्याखाली आणखी एक. मी काकांना बोलावलं. बक्कल. ते तिला छातीशी धरत तेव्हा तिचा लुळा हात दोघांच्या मध्ये सापडायचा आणि पितळी बक्कल त्यात रुतायचं. जिममध्ये माणूस आणि लोखंड यांच्यामध्ये कुणी नसतं, हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं.

"माका काय दुखाक नाय," आजी म्हणाली.

"ताच ना," काका म्हणाले. "तुका कळूकच नाय."

त्यांनी पट्टा सोडला आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. मी चहा नेला तो त्यांनी घेतला नाही. दिवाळी महिन्यावर आली होती. ते इतकंच म्हणाले की भाची म्हणते तेच बरोबर असेल, आपण बायला सांभाळतोय असं आपल्याला उगाच वाटतं. मला फार वाईट वाटलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मालात खोट काढणारा माणूस स्वतःवर लाल शिक्का मारून उभा होता.

माझ्याकडे होतं ते जिममधलं ज्ञान. काही जण बक्कल टोचू नये म्हणून पट्टा फिरवून बाजूला घेतात. मी म्हटलं, काका, बक्कल मागे घेतलं तर? अगदी कण्यावर नको, जरा डावीकडे. काकांनी करून बघितलं. कल्पना बरोबर होती, पण मागे हात नेऊन पट्टा आवळता कुणाला येणार? मी दिवसभर ऑफिसात, भांडीवाल्या बाई तासभरच. पुन्हा सगळं मुसळ केरात. तेवढ्यात पलंगावरून आवाज आला.

"हयसर ये. माझो एक हात आसा मा?"

काका पलंगाला पाठ करून गुडघ्यांवर बसले. आजी उशांवरून पुढे सरकली आणि उजव्या हाताने पट्ट्याशी झटायला लागली. शाळेच्या गणवेशाची मागची बटणं लावून घ्यायला पोरगं उभं राहतं तसे काका मान खाली घालून बसले. पितळी बक्कल काही तिला जमेना. एका हाताने ओढायचं आणि त्याच हाताने काटा भोकात घालायचा, हे तिच्याच्याने होईना. बराच वेळ खटपट करून ती मागे टेकली आणि दमून म्हणाली, "रिजेक्ट."

तिच्या तोंडून तो शब्द पहिल्यांदाच आला. काका इतके खूश झाले की विचारू नका.

त्या दिवसापासून पट्ट्याची परीक्षा आजीकडे गेली. जाडी किती, चामडं कुठलं, हे प्रश्न मागे पडले. आजीच्या एका हाताला जो लावता येईल तो पट्टा. घाटकोपरच्या दुकानदाराला काकांनी हे समजावलं तेव्हा त्याने विचारलं, वापरणार कोण? काका म्हणाले, मी. मग ट्राय कोण करणार? बहीण, घरी. दुकानदाराने परत घ्यायच्या बोलीवर दोन-तीन पट्टे दिले ते बहुधा घाबरूनच. त्यातला एक खटक्याचा होता, म्हणजे बक्कलच्या जागी एका दाबात मिटणारी लोखंडी पट्टी. काकांनी पट्ट्याचं टोक मागे नेऊन धरायचं, आजीने खटक्याचे दात भोकांत अडकवायचे आणि खटका पालथा दाबायचा. पहिले दोन दिवस तो बोटांतून सटकत होता. तिसऱ्या दिवशी वाजला, खट. आजीने भावाच्या पाठीवर एक थाप मारली आणि म्हणाली, "पास."

मग ते रोजचंच झालं. काकांनी पाठ करून बसायचं, आजीने पुढे येऊन खटका दाबायचा, काकांनी वळून पोट फुगवायचं आणि "निघूया?" म्हणायचं. घरातून काम करायच्या दिवशी मी दारातून बघत बसायची. माझा डोळा जिममध्ये तयार झालेला, उभं राहताना जोर कुठून येतो ते मला लगेच दिसतं. मला दिसायला लागलं की काकांच्या मांड्यांवर पूर्वीसारखा भार येत नाहीये. खटका दाबायला जोर लागतो. जोर लावायचा तर आजीला उशा सोडून काठावर यावं लागायचं, उजवा पाय मागे ओढून फरशीवर रोवावा लागायचा, अंग पुढे झोकावं लागायचं. वर्षभर पोत्यासारखी बसवलेली बाई दिवसातून कितीतरी वेळा हा व्यायाम करत होती, आणि काका वळून तिला धरेपर्यंत ती उठायच्या बेतात असायची. फिजिओच्या बाई घसा फोडून जे सांगत होत्या आणि आजी भिंतीकडे तोंड करून ऐकत होती, तेच हे. काकांना यातलं काही दिसत नव्हतं. ते डोळे मिटून, गाल फुगवून, आपल्या पट्ट्याला आतून रेटत असायचे.

वसुबारसेच्या दिवशी भाची आली. चेहऱ्यावरून कळत होतं की ठरवूनच आली आहे. चपला काढता काढता तिने मला हळूच विचारलं, मामाची कंबर कशी आहे, खरं सांग. मी म्हटलं, तुम्हीच बघा.

काका त्या दिवशी घाबरले होते. पट्टा त्यांनी उलटाच गुंडाळला, मग सोडून पुन्हा गुंडाळला. आजी शांत होती. ती काठावर सरकली, पाय मागे ओढला, खट. काका वळले. पोट फुगवलं, डोळे मिटले, "निघूया?" म्हणाले. आणि आजी उभी राहिली. भावाच्या खांद्यावर उजवा हात टेकून, एका पायावर, क्षणभर पण चांगली उभी. काकांनी तिला वळवून खुर्चीत बसवलं, डोळे उघडले आणि धापही न लागल्याचं सगळ्यांना दिसावं म्हणून हॉलमध्ये एक फेरी मारली. मग पट्टा न सोडताच चहा टाकायला स्वयंपाकघरात गेले. तिथून त्यांचं व्याख्यान ऐकू यायला लागलं, पट्टा घेताना लोक कसे फसतात, खटक्याचाच का घ्यावा, माप बेंबीवरूनच का घ्यावं.

भाची आईसमोर फरशीवर बसली. "आई, तू स्वतः उठलीस."

आजीने आधी स्वयंपाकघराकडे बघितलं, मग मुलीच्या तोंडावर हात ठेवला. "त्याका सांगू नको. माका उठाक येता ह्या त्याका कळला, तर तो पट्टो सोडतलो. मगे दिवसभर करतलो काय?"

भाची माझ्याकडे बघायला लागली. मी मान हलवली. ती रडत होती आणि हसतही होती. आईच्या मांडीवर डोकं टेकून म्हणाली की पनवेलला आजच फोन करून नको म्हणून सांगते.

काका ट्रे घेऊन बाहेर आले. भाचीचे डोळे बघून क्षणभर थबकले. मग कमरेवर हात मारून म्हणाले, "बघितलंस? पट्टा असा पाहिजे. बाय आता मला फुलासारखी हलकी लागते."

"हो मामा," भाची डोळे पुसत म्हणाली, "सगळी पट्ट्याचीच कमाल."

आजी म्हणाली, होय तर. आणि मीही म्हटलं, दुसरं काय.